फुलकोबी घेऊन जानेफळला

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो असं पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, लोणार पाहिलं का? नाही पाहिलं. लोणारकडे बाण दाखवणारी पाटी मात्र नीट पाहिली, कारण तिच्याखाली गाडीचं बॉनेट उघडून मी बराच वेळ उभा होतो. आकाशातून पडलेल्या दगडाचा खड्डा हजारो वर्षं तिथंच आहे, आणखी एखादं वर्ष तो थांबेल. फुलकोबी थांबत नाही.

ज्यांना या बाजूला जायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्वतःचं वाहन न्यावं, आणि शक्यतो दुसऱ्याचं नेऊ नये.

देऊळघाट

माझा थोरला भाऊ, दादा, जन्मभर देऊळघाटला राहिला. भाजीचा मळा केला आणि एक पिकअप गाडी चालवली. मी पुण्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्यात गावातल्या लोकांना उपयोगी पडेल असं काम कोण करतो, याबद्दल गावात कधी मतभेद झाले नाहीत.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. या हिवाळ्यात वैनींचा फोन आला. "भाऊजी, गाडी चालवाले या. जानेफळले लग्न आहे."

जानेफळ वैनींचं माहेर. तिथं कुठलंही लग्न असो, पंगतीची भाजी दादाकडून जायची. हाच त्याचा आहेर. साडी-टोपीचा आहेर त्याला पटत नसे. टोपी कोणी घालत नाही आणि साडी पुढच्या लग्नात आपल्याकडेच परत येते, फुलकोबी परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. आता वैनींच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. दादा नाही म्हणून भाजी जाणार नाही, हे वैनींना मान्य नव्हतं.

गाडी चिंचेखाली उभी होती. एके काळी ती पांढरी होती. नवी असताना पेंटरनं विचारलं होतं, मागच्या फळीवर काय लिहू? दादा म्हणाला, नंबर लिही. पेंटरला ते इतकं अपुरं वाटलं की त्यानं आपणहून दोन्ही बाजूंना एकेक मोर काढून दिला. ते मोर झिजत झिजत आता कोंबडीइतके उरले आहेत.

गाडीचं दुखणं असं की दादा गेल्यापासून ती मिसिंग करत होती. चालता चालता इंजिनचा ठोका चुकायचा, चढावर दम जायचा, कधी बंदच पडायची. मळ्यावरचा ड्रायव्हर गजानन यानं शेवटी किल्ली परत केली. मिसिंग गेलं तर बोलवा, म्हणाला. गावाचं निदान वेगळं होतं: मालकामागं गाडीनं अन्न सोडलं. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण ती गाडी पाहताना 'अन्न सोडलं' हे शब्द डोक्यातून जाईनात.

वैनींनी पातोड्यांचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली. पुण्यात याला पाटवडी म्हणतात आणि तिखट घालायला घाबरतात. मी डोळे पुसत जेवत असताना वैनींनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा श्रीकांत संभाजीनगरला कंपनीत आहे. तो रविवारी भंगारवाल्याला घेऊन येणार होता.

"गाडी गेली का मळा मक्त्यानं जाईन," वैनी म्हणाल्या. "मळा गेला का मी त्याच्या फ्लॅटात."

"फ्लॅट चांगला आहे म्हणे."

"हाव ना. लई चांगला आहे. खिडकीतून दुसरा फ्लॅट दिसते."

श्रीकांतचं काही चूक नव्हतं. मागे ही गाडी भर चढावर आईला घेऊन बंद पडली होती आणि मागून ट्रक येत होता. ते ऐकल्यापासून त्याची झोप उडाली होती. शेवटी मायलेकांनी फोनवर आपसात ठरवलं. भाजी भरून गाडी स्वतःच्या बळावर जानेफळला पोचली, तर ती राहील. टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत न्यावी लागली, तर रविवारी तो माणूस येईल. दोघंही शब्दाचे पक्के. मधे मी.

चिखलीकडे

सकाळी गाडी भरली. खाली फुलकोबी, तिच्यावर वांगी, सगळ्यात वर ओल्या पोत्याखाली सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याहून येणारे पाहुणे इथं सांबार मागतात आणि कोथिंबिरीची जुडी हातात आली की गोंधळतात.

मी गाडी चालवायला याच गाडीवर शिकलो, मळ्याच्या बांधावर, दादाच्या शिव्या खात. दादा अंगानं भरलेला होता. सीटला त्याच्या वजनाचा खळगा पडला आहे. मी किडकिडीत. त्या खळग्यात बसलो की दाराकडे कलंडतो आणि वळणावर स्टिअरिंगला धरून राहावं लागतं. वैनी शेजारच्या सीटवर नीट बसल्या. त्यांचा खळगा त्यांच्याच मापाचा होता.

हिवाळ्यात हा मुलूख देखणा असतो. जिल्ह्याचे लोक स्वतःची विभागणी घाटावरचे आणि घाटाखालचे अशी करतात, आणि दोघंही दुसऱ्याबद्दल हळहळतात. आम्ही घाटावरचे. जमीन लाटांसारखी वर-खाली होत जाते, तूर पिवळी पडलेली, हरभरा गुडघ्याखाली, रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. पाहुण्यानं खूश व्हावं असा हा चढ-उताराचा देखावा. ड्रायव्हरनं नव्हे.

बुलढाणा मागे टाकून एका लांब चढाला लागलो आणि ठोका चुकला. कसा, ते सांगतो. चार जणी मुसळं घेऊन एका उखळात कांडत आहेत, आणि त्यातली एक मधेच उठून जाते. तशी ती गेली. मग दुसरी गेली. मग उरलेल्या दोघी भांडायला लागल्या. मी गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं की महाराष्ट्रात कुठंही एक माणूस उगवतो. हा मोटारसायकलवरून उगवला. आत डोकावून म्हणाला, "प्लग बदला."

"डिझेल गाडी आहे. हिला तसला प्लग नसतो."

"मंग डिझेल बदला," म्हणाला आणि निघून गेला.

समोर टपरी होती. चहा घेतला. परत येऊन किल्ली फिरवली तर गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली. चिखलीपर्यंत गुणी लेकरासारखी आली.

चिखलीत एक नवं गॅरेज लागलं. दारावर उद्घाटनाचा फलक अजून होता. त्यावर मान्यवरांचे इतके चेहरे होते की गॅरेजात नेमकं काय दुरुस्त करतात हे लिहायला जागा उरली नव्हती. आत टेबलावर इंजिन तपासायचं कॉम्प्युटरचं यंत्र होतं आणि त्याला हार घातलेला होता. मालक मोठ्या उत्साहानं त्याची वायर घेऊन गाडीत शिरला. डॅशबोर्डाखाली शोधलं, सीटखाली शोधलं. मग बाहेर येऊन म्हणाला, "काका, हिले बोलताच येत नाही."

"जुनी आहे."

"मंग डिझेलचा पंप, नोझल, सारंच उतरवा लागन. सोमवारी या."

सोमवारच्या आधी रविवार येतो, हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. डिझेलचा फिल्टर तेवढा बदलून घेतला. गाडी लगेच सुरळीत चालली. "पाह्यलं?" तो म्हणाला. मी पाहिलं, आभार मानले आणि निघालो. त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवून मी मेहकरपर्यंत आलो.

मेहकर

मेहकरच्या तोंडाशी, लोणारच्या त्या पाटीखाली, तो विश्वास संपला. या वेळी चारही जणी उठून गेल्या.

ऊन चढलं होतं. वैनी उतरल्या आणि गाडीचं काही न विचारता बाटलीतलं पाणी सांबारावरच्या पोत्यावर शिंपडायला लागल्या. आमच्यात काळजी करायची विभागणी अशी झाली होती. एक ट्रॅक्टरवाला थांबला. "टोचन लावू का, मावशी?"

"दोर ठेव तुह्या खिशात," वैनी म्हणाल्या. तो हसला आणि गेला.

रस्त्याकडेला एक बाई मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा विकत होती. गाडीच्या मागच्या फळीवर बसून आम्ही त्या खाल्ल्या. शेंगा सोलता सोलता वैनी बोलायला लागल्या, माझ्याकडे न पाहता.

"हे बजारातून येत, त पुलापासून मले गाडीचा आवाज ओयखू ये. मी तवा ठेवत होती. हे हातपाय धुऊन येत तवर भाकर फुगे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता गजानन गाडी आणे तवा आवाज आला का वाटे, कोणी आजारी माणूसच घरी घेऊन येऊन राह्यलं. तरी तवा ठेवत होती मी. हाताले सवय."

पुस्तकांत माणसं अशा वेळी काहीतरी बोलतात. मी शेंगा सोलल्या.

"डोणगावले चालता का?" वैनींनी विचारलं. "बबन मिस्त्री तठी राह्यते आता."

बबन मिस्त्री म्हणजे दादाचा जुना मेकॅनिक. बुलढाण्याचं दुकान मुलाला देऊन तो डोणगावी राहायला गेला होता. जानेफळ एका दिशेला आणि डोणगाव दुसऱ्या, म्हणजे उलटा फेरा. पण तिकडचा रस्ता बराचसा सपाट आहे, आणि सपाटीवर ती चालायची. किल्ली फिरवली. चालू झाली. अर्थातच. आमच्या शेंगा खाऊन झाल्या होत्या.

डोणगाव

बबन मिस्त्री घरासमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. धिप्पाड माणूस, बनियन आणि लुंगी, आवाज असा की गाडी उतारावर असती तर थांबली असती. वैनींना पाहून उठला, दादाच्या नावानं हळहळला, आणि त्याच दमात स्वतःबद्दल बोलायला लागला.

"वैनी, मी हात लावला का इंजिन गपगार. मास्तरासमोर पोट्टं बसते ना, तसं. या जिल्ह्यात डिझेलचा पंप कोण बांधते त बबन बांधते."

गाडी चालू ठेवून त्यानं पान्यानं एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून पाहिला. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. जे सिलिंडर जिवंत असेल ते मरतं आणि इंजिन थरथरतं. आधीच मेलेलं असेल तर फरकच पडत नाही. चारही वेळा इंजिन थरथरलं.

"चारी जित्ते आहेत," त्यानं जाहीर केलं. "म्हणजे डिझेल पडायचं टायमिंग चुकलं! पंप उतरवू. उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा."

लग्न उद्या सकाळी होतं. वैनींनी माझ्याकडे पाहिलं.

"मिस्त्री," मी म्हणालो, "चहा घेतला की ही सुधारते."

"तुम्ही का गाडी?"

"दोघंही. चढावर मरते. थांबलो, चहा प्यायलो, की चालू होते. सकाळपासून तसंच चाललंय."

मिस्त्रीचा पाना हवेत थांबला. "उभी राह्यली का सुधरते? आपल्या आपण?"

"हो."

"अरे मंग टायमिंग कायले सुधरन उभ्या उभ्या! नोझल कायले सुधरन! हे आंधी काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही बोलत होता."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हसला. दादाचा भाऊ शोभतो, असं काहीसं पुटपुटला. मग घरातून पाण्याची मोठी प्लॅस्टिकची बाटली आणि रबरी नळी घेऊन आला. बाटलीत डिझेल भरलं, बुडाला नळी जोडली, टाकीकडून येणारी नळी काढून ही थेट इंजिनला लावली, आणि बाटली वैनींच्या बाजूच्या आरशाच्या दांडीला बांधली. वैनींनी खिडकीतून हात काढून ती धरली. दवाखान्यात सलाइन लावलेल्या माणसाशेजारी नातेवाईक बसतात, तशा.

"आता ही टाकीतलं पिणार नाही, बाटलीतलं पिईन," मिस्त्री म्हणाला. "तरीबी मेली त दोष इंजिनात. नाही मेली त दोष मागं. चला चढावर."

मिस्त्री आम्हा दोघांच्या मधे कोंबून बसला. गावाबाहेर एक चढ आहे. मी गिअर टाकला. चारही जणी कांडत होत्या. चढ संपत आला, मी मुद्दाम आणखी दाबली, एकही उठली नाही. खालच्या पट्टीतला तो भरीव, थोडा खरखरीत आवाज मी विसरलो होतो असं मला वाटत होतं. विसरलो नव्हतो. बांधावर शिकताना तोच कानात होता आणि त्याच्यावरून दादाच्या शिव्या.

माथ्यावर मिस्त्रीनं माझ्या मांडीवर थाप मारली. "झालं! टाकीत आहे दोष. फिरवा मागं."

"आखीन एक चक्कर मारा," वैनी म्हणाल्या. त्यांचं तोंड बाहेर होतं.

"वैनी, समजलं ना आता. कायले डिझेल जाळता?"

"तुमाले समजलं. मले आयकू द्या."

आम्ही आणखी एक चक्कर मारली.

मग टाकी उतरवली. मिस्त्रीनं तळाशी तार फिरवली आणि हळूच काहीतरी वर ओढलं. कापड. लांब, काळंमिट्ट, डिझेलनं निथळणारं. इंजिननं जोरात डिझेल ओढलं की हे चिंधूक नळीच्या तोंडावर जाऊन चिकटायचं आणि घसा आवळायचं. गाडी थांबली की सुटून तळाशी बसायचं. आमच्या चहाचं श्रेय एवढंच.

मिस्त्रीनं ते बादलीत खळबळलं, तेव्हा एका कडेला अंजिरी रंग दिसायला लागला आणि बारीक जरीचा काठ.

वैनी उठून आल्या. "हे माह्यं पातळ आहे."

मळ्यावरच्या पाण्याच्या इंजिनासाठी आमच्याकडे डिझेल कॅननं येतं. दादा त्यातलंच गाडीतही ओतायचा, आणि कचरा जाऊ नये म्हणून टाकीच्या तोंडात फडकं खोचून गाळायचा. गावात सगळेच गाळतात. फरक एवढाच की दादा ते फडकं तिथंच खोचून ठेवायचा, झाकणाखाली, पुढच्या वेळेसाठी. तो गेल्यावर गजानन डिझेल भरायला गाडी पेट्रोल पंपावर घेऊन गेला. पंपावरच्या माणसानं नळी घातली आणि फडकं आत. कचऱ्यापासून जपायला लावलेलं तेच एक कचरा होऊन आत गेलं. गावाला हे सांगितलं तर गाव म्हणेल, आम्ही दुसरं काय म्हणत होतो?

"हे पातळ मी सारं घर उलथून पालथून हुडकलं," वैनी म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पयल्या दिवायीचं. ह्यायले इचारलं त म्हणत, बोहारणीनं नेलं असन. त्या बोहारणीले मी दारात उभी नाही केली तवापासून." त्या चिंधीकडे पाहत राहिल्या. "आन् हे रोज त्याच्यातून डिझेल गाळून राह्यले."

मिस्त्री गालातल्या गालात हसला. मग वैनीही हसल्या. मग एकट्या मिस्त्रीचंच हसणं उरलं, आणि तोही थांबला.

ती चिंधी त्यांनी धुतली नाही. पिळून एका पिशवीत घातली आणि पायाशी ठेवली. मिस्त्री काही घेईना तेव्हा त्याच्या खुर्चीवर फुलकोबीचा ढीग केला. निघताना तो ओरडून सांगत होता की टाकीत काहीतरी आहे हे त्यानं गाडी फाट्यावर असतानाच ओळखलं होतं.

जानेफळ

परत मेहकर, आणि तिथून जानेफळचा रस्ता. चढ आले आणि गेले. वैनींनी दोन फोन केले. पहिला गजाननला: "ये सोमवारपासून." दुसरा श्रीकांतला. तो पलीकडून बरंच काही विचारत असावा. वैनी फक्त म्हणाल्या, "बोलू नको, आयक," आणि फोन खिडकीबाहेर धरला. चढ संपेपर्यंत तसाच धरला. नंतर कानाला लावून पलीकडचं ऐकलं. मग वैनी म्हणाल्या, "हाव. ये तू रविवारी. एकटाच ये. पातोड्या करतो."

जानेफळला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लग्नाचा फलक मांडवापेक्षा मोठा होता. त्यावर आशीर्वाद द्यायला येणाऱ्या पुढाऱ्यांचे भले मोठे चेहरे, आणि नवरा-नवरी खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. उद्या लग्न त्यांचंच असल्यामुळे त्यांना जागा मिळाली असावी.

वैनींच्या माहेरची गल्ली अरुंद आणि चढाची आहे. पहिल्या गिअरमध्ये गाडी वर चढवली. अंगणात बाजेवर वैनींचे थोरले भाऊ बसले होते. त्यांना आता दिसत नाही. गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आधीच त्यांनी मान वर केली आणि घरात हाक मारली, "चहा ठेवा वो! देऊळघाटचे जवाई आले."

आतली भांड्यांची गडबड थांबली. दारात दोन-तीन बाया आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याच्याही लक्षात आलं असावं. त्यांचा हात बाजेच्या दोरीवर चाचपडायला लागला.

वैनी उतरल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि तो हात धरला.

"हाव भाऊ," त्या म्हणाल्या. "भाजी त्यायनंच पाठोली."

गाडी बंद करायला मी किल्लीला हात घातला होता. वैनींनी मागे न पाहता दुसरा हात वर करून मला थांब अशी खूण केली. चहा होईपर्यंत मी गाडी चालू ठेवली.